वैशूचे दगड बघायला अनगोळ ते निपाणी

लिहायला फार उशीर झाला, माफ करा. गोकाकच्या धबधब्याचं लिहिलं त्याला बरेच महिने होऊन गेले. मधे दोघा-तिघांनी खाली लिहून विचारलं, की आप्पा, बेळगावहून निपाणीला बसनं जायचं तर कसं, रस्त्याचं काम संपलं का, वाटेत खायला काय मिळतं. त्यांनाही मी उत्तर दिलं नाही. मी निपाणीला जाऊन आलो होतो, सगळं ताजं माहीत होतं, पण लिहायला बसलं की पहिल्या ओळीलाच अडायचं. आज बसलोय. जमेल तसं लिहितो.

नवीन वाचणाऱ्यांसाठी सांगतो. मी बेळगावच्या उद्यमबागेत एका फौंड्रीत वाळूचे साचे भरायचं काम करून रिटायर झालो. शाळा आठवीपर्यंत. हा ब्लॉग मला माझ्या मुलीनं, वैशालीनं, काढून दिला. "आप्पा, घरात बसून आईच्या मागं किरकिर करता, त्यापेक्षा हिंडा आणि लिहा. मी तिकडून वाचत जाईन," असं म्हणाली. ती परदेशात असते. खनिजांवर काम करते. दगडात जे स्फटिक असतात, त्यांच्या आतली रचना कशी आहे ते शोधायचं, असं ते काम आहे. मोहरीहून बारीक कण घेतात, त्याच्यावर क्ष-किरण सोडतात आणि पलीकडं जे ठिपके उमटतात त्यांवरून आत कुठला अणू कुठं बसलाय ते गणितानं काढतात. तिनं मला अनेकदा सांगितलंय. मला निम्मंच कळतं. पण वाळूत आयुष्य गेल्यामुळं एवढं कळतं, की बाहेरून सारखी दिसणारी गोष्ट आतून सारखी नसते.

निपाणीला जायचं ठरलं ते तिच्या फोनमुळं.

तिची तिकडची नोकरी दोन-दोन वर्षांच्या करारावर चालते. एक संपली की दुसरीकडं अर्ज. केस पिकायला लागले तरी हेच. या वेळी म्हणाली, "आप्पा, आता पुढं अर्ज करत नाही. माझे दगड आहेत तिथं येऊन राहते." तिचे दगड म्हणजे तिनं शाळेत असल्यापासून जमवलेला साठा. आमच्या दोन खोल्यांत पलंगाखाली, देवघराखाली, मोरीच्या कोपऱ्यात पेट्याच पेट्या होत्या. निपाणीच्या बाजूला ज्या कॉलेजात ती शिकली, तिथल्या प्राचार्यांनी तो साठा मागून घेतला. एक खोली देऊ, काचेची कपाटं करू, मुलांना दाखवू, आणि वैशाली मॅडम परत आल्या तर त्यांनीच ते सगळं बघावं, असं बोलणं झालं होतं. टेम्पो आला, पेट्या गेल्या. तिच्या वतीनं मला शाल आणि नारळ मिळाला. शाल मी अजून वापरलेली नाही.

"एकदा जाऊन बघून या," ती फोनवर म्हणाली. "कपाटं झालीत का, नंबर नीट दिसतात का. एक फोटो पाठवा. मग मी तिकीट काढते."

त्या नंबरांचंही आत्ताच सांगतो, पुढं लागेल. प्रत्येक दगडावर ती पांढऱ्या ऑइल पेंटचा नखाएवढा ठिपका द्यायची आणि तो वाळला की त्यावर काळ्या शाईनं बारीक नंबर घालायची. जगभर असंच करतात म्हणे. नंबरावरून दगड कुठला, किती खोलीवर सापडला, ते तिच्या यादीत कळतं. "नंबर गेला की दगड मुका झाला, आप्पा," असं ती सांगायची.

सकाळी मी आणि माझी बायको सुशीला अनगोळच्या घरातून निघालो. गॅस बंद केला का ते मी तीनदा बघितलं. कुलूप ओढून बघितलं, गल्लीच्या तोंडापर्यंत गेलो आणि परत येऊन पुन्हा ओढलं. सुशीला म्हणाली, "कुलूपच घिऊन चला की खिशातनं." मध्यवर्ती बसस्थानकावरून निपाणीला गाड्या भरपूर आहेत, कोल्हापूरकडं जाणारी कुठलीही चालते. पण बायकांना फुकट प्रवास हवा असेल तर कर्नाटकाची साधी गाडी बघून बसा आणि आधार कार्ड हाताशी ठेवा. कंडक्टरनं हिला शून्य रुपयांचं तिकीट फाडून दिलं आणि माझ्याकडं हात केला, "अज्जा, चिल्लरे कोडी." सुटे पैसे शोधताना माझी औषधाची पिशवी खाली पडली.

"तुमचं तिकीट पैशाचं, माझं सरकारचं," ही म्हणाली. "तवा खिडकी माझी."

महामार्गाचं रुंदीकरण चालू होतं. जागोजागी वळण काढलेलं, धूळ इतकी की समोरचा ट्रक दिसत नाही. दम्याचा त्रास असणाऱ्यांनी तोंडाला रुमाल बांधावा. मी ब्रेकच्या आवाजाकडं कान लावून बसलो होतो. संकेश्वरला गाडी थांबली. खाली उतरून चहा घ्यावा म्हटलं तर गाडी सुटायची भीती, म्हणून खिडकीतूनच घेतला. तिथली मिरची प्रसिद्ध आहे, परतीला घ्या, सकाळी घेतली तर दिवसभर ओझं. दोन्ही बाजूंना ऊस, मधेच कुठं तंबाखूचं शिवार, आणि त्यात नवे पूल, अर्धवट.

तवंदी घाटात रस्त्यासाठी डोंगर ताजा कापला होता. काळा कातळ, आणि त्यात पांढरे ठिपके, डोळ्यांसारखे. सुशीलानं मला कोपर मारलं.

"त्ये बघा. वैशूचं."

ते पांढरं म्हणजेच तिचा विषय. झिओलाइट म्हणतात. लाव्हा थंड होताना त्यात बुडबुडे राहिले, त्या पोकळ्यांत हे स्फटिक वाढले. त्यांच्या आत पाणी असतं. तापवलं की पाणी निघून जातं, पण आतला सांगाडा तसाच उभा राहतो, आणि हवेतला ओलावा मिळाला की तो ते पाणी परत घेतो. ते पाणी आत नेमकं कुठं बसतं यावर वैशूची सात-आठ वर्षं गेली. आधीच्या लोकांनी एक जागा चुकीची दाखवली होती, ती हिनं दुरुस्त केली. छापून आलं तेव्हा तिच्या साहेबाचं नाव पहिलं, हिचं चौथं. मी विचारलं, काम कुणी केलं? म्हणाली, मी. मग नाव? म्हणाली, "आप्पा, तसं असतं." फौंड्रीतही तसंच होतं, पण मी तिला फौंड्रीतून बाहेर पडावं म्हणून शिकवलं होतं.

या सीमेवर राहण्याचंही तिनं भोगलं. कॉलेज संपवून पुढं शिकायला महाराष्ट्रात गेली तर परराज्यातली म्हणून जादा फी. नोकरीला इकडं आली तर कन्नडचा पेपर. शेजारच्या अज्जीशी ही पोरगी तासन् तास कन्नडमधे भांडायची, पण लिहायच्या पेपरात दोनदा नापास. तिसऱ्या वेळेपर्यंत जागाच भरली. कुणाला दोष देऊ? दोन्हीकडची माणसं आमच्याशी चांगलीच वागतात. नियम तेवढे आमच्याविरुद्ध असतात.

निपाणीत उतरलं की तंबाखूचा वास येतो, सवय नसेल तर डोकं धरतं. स्टँडजवळच्या खानावळीत भाकरी, भरलं वांगं, कांदा मिळाला. चव चांगली, तिखट बेतानं घ्या. तिथून कॉलेज लांब, रिक्षा करावी लागते, आणि भाडं आधी ठरवा.

कॉलेजच्या फाटकातून आत गेल्यावर माझ्या मनाला बरं वाटलं, खोटं सांगत नाही. इमारतीला नवा रंग, झाडांच्या बुंध्यांना पट्टे, कचरा कुठं नाही. मधोमध गोल बाग, हिरवळ, आणि बागेच्या कडेनं ओळीनं मांडलेले दगड. एक तांबडा, एक पांढरा, एक तांबडा, एक पांढरा. तुम्ही हे सरकारी विश्रामगृहात, तहसीलदार कचेरीत, कुठंही बघितलेलं असणार. मी म्हटलं, व्यवस्थित लोक आहेत. आपले दगडही व्यवस्थितच ठेवले असतील.

प्राचार्य मीटिंगमधे होते. शिपायानं थांबायला सांगितलं. मी काचेची कपाटं कुठल्या खिडकीतून दिसतात का ते बघत व्हरांड्यात फेऱ्या मारू लागलो. सुशीलाच्या चपलेचा अंगठा निघाला होता म्हणून ती बागेच्या कडेला टेकली. थोड्या वेळानं तिनं हाक मारली. हळू आवाजात. ती हळू बोलली की मला धडकी भरते.

"अहो. हिकडं या. ह्यो माझा बरणीवरचा दगुड हाय."

"काय बोलतेस?"

"हात घाला. हितं खालच्या अंगाला. बोट बसतंय का बघा."

मी हात घातला. एक बाजू सपाट, आणि दुसऱ्या बाजूला वाटीसारखी पोकळी. माझ्या मेव्हण्याची, बाळूची, विहीर खणताना, निपाणीजवळच त्याच्या गावी, सुरुंग लावल्यावर हा दगड वर आला होता. वैशू सुट्टीला तिथं होती, तिसरीत असेल. त्या पोकळीत बोटाएवढे स्वच्छ स्फटिक होते, ऊन पडलं की हिरवट चमकायचे. ती तो कुशीत घेऊन बेळगावला आली. पुढं कित्येक वर्षं तो आमच्या लोणच्याच्या बरणीवर फडक्याला वजन म्हणून होता. मग कॉलेजात गेल्यावर एक दिवस तिनं आईवर आरडाओरडा करून तो काढून घेतला, धुतला आणि त्याला पहिला नंबर दिला.

आता तो तांबडा होता. पोकळी रंगानं भरली होती. शेजारचा पांढरा. त्याच्या शेजारचा तांबडा. मी एकेकाला हात लावत बागेला फेरी मारली. कुणाला धारा होत्या, कुणाला पापुद्रे, कुठं रंगातून सुईसारखं काही टोचत होतं. गवताला पाणी देणारा पाइप त्यांच्यावरूनच टाकलेला होता.

शिपाई आला. मल्लाप्पा त्याचं नाव, माझ्याहून थोडा लहान. मी काही बोलायच्या आधी तोच कौतुकानं म्हणाला, "बाग बघताय व्हय? ह्याच्यासाठी लई राबलोय मी."

"हे दगड कुठून आणले?" मी विचारलं.

"आणतोय कुठनं? हितंच पेट्यांत पडल्यालं. व्हरांड्यात पाय ठेवायला जागा न्हवती. तपासणीची कमिटी यायची म्हटल्यावर सर म्हणालं, व्हरांडा मोकळा कर. उघडून बघतोय तर दगुड! आनी परत्येकावर पांढऱ्या रंगाचा टिपका. मी म्हटलं, जुन्या बागंचंच हाईत, रंग उडालाय, कुणीतरी जपून ठेवल्यात. मग जाग्यावर लावलं, दोन-दोन हात मारलं रंगाचं."

"त्या ठिपक्यावर नंबर होता."

"व्हता की. म्हटलं, वळीनं लावायला घातला आसंल. पर मोठा-बारका बघून लावलं मी. नंबरानं लावलं तर वळ वाकडी व्हतीया."

त्या माणसाला मी काय बोलणार? त्याच्या तोंडावर घाम होता आणि बाग खरंच नीट होती.

प्राचार्यांनी आम्हाला आत बोलावलं, खुर्च्या दिल्या, पाणी दिलं. नवे प्राचार्य होते. शाल देणारे बदलून गेले होते.

"काका, ते माझ्या आधीच्या सरांच्या काळातलं," ते म्हणाले. "जिऑलॉजीला ॲडमिशनच होत नाहीत हो. तो विषयच बंद केला आपण. ती खोली आता परीक्षा विभागाला दिलीय."

"आणि माझी मुलगी येणार होती..."

"येऊ द्या की. अवश्य येऊ द्या. मुलांसाठी एक मोटिव्हेशनल लेक्चर ठेवू. आपल्या कॉलेजची विद्यार्थिनी फॉरेनला, मोठी गोष्ट आहे." मग म्हणाले, "कमिटीनं कॅम्पसचं फार कौतुक केलं, बरं का. बागेचा खास उल्लेख आहे."

मी म्हटलं, "मग आमचे दगड आम्हाला परत द्या."

"देऊ की. पण एकदम सगळे काढले तर बाग उघडी पडेल. पुढच्या आठवड्यात पुन्हा पाहुणे आहेत. तुम्ही असं करा, तेवढे दुसरे दगड आणून द्या, आणि हे घेऊन जा. आमची काहीच हरकत नाही."

सुशीला उठली. "एक तरी आत्ता नेते," म्हणाली, आणि उत्तराची वाट न बघता बाहेर गेली. फाटकाजवळ कुंपणाच्या कामाचे खडी-दगड पडले होते. त्यातून तिनं चाचपून एक उचलला, पदरात धरून आणला आणि मल्लाप्पाच्या पुढं ठेवला. त्यानं तिचा दगड पहारीनं सैल करून काढून दिला. मग कुठून तरी तांबड्या रंगाचा डबा आणला, खडीतला दगड खड्ड्यात बसवला, आणि त्यावर ब्रश फिरवला.

"आता वळखा बघू, आक्का, नवा कुठला?" तो हसून म्हणाला. त्याच्या मनात वाईट काहीच नव्हतं.

रंग ओला होता म्हणून ओळखू आला. वाळल्यावर मलाही ओळखता आला नसता. वैशूच्या तीस वर्षांच्या ओळीत तो बरोब्बर बसला.

फोटो काढायला मोबाइल वर केला, पण पाठवावा की नाही ते कळेना. मी म्हटलं, नंतर बघू, आधी तिला जरा सांगू काहीतरी. सुशीला म्हणाली, "पाठवा. लेक शास्त्रज्ञ हाय, दूधखुळी न्हाय." मी पाठवला. बाग, ओळ, तांबडा, पांढरा.

परतीच्या गाडीत गर्दी होती. दगड मी मांडीवर घेतला होता, विजारीला रंग लागेल म्हणून खाली वर्तमानपत्र. शेजारी बसलेल्या माणसानं विचारलं, "देव हाय काय?" मी नाही म्हटलं. "मग एवढा जपून?" मी खालचं वर्तमानपत्र सारखं केलं. तवंदी घाटात त्या कापलेल्या कातळाकडं दोघांनीही बघितलं नाही. तवंदी घाटात त्या कापलेल्या कातळाकडं दोघांनीही बघितलं नाही.

मोबाइल बघितला. फोटोखाली दोन निळ्या खुणा आल्या होत्या. तिनं बघितला होता. खाली काही नव्हतं.

त्या दिवसापासून ती नीट बोललेली नाही. फोन लावला तर लागत नाही, नाहीतर उचलत नाही. एकदा "कामात आहे, ठीक आहे मी" एवढंच आलं. कराराचे थोडेच दिवस राहिलेत. पुढं अर्ज करणार नाही म्हणाली होती, केला का कुणास ठाऊक. तिथं थंडी फार असते. जेवते का, कुणाशी बोलते का, मला काही कळत नाही. सुशीला म्हणते, आपण विचारत राहिलो की ती जास्तच गप्प बसते. मी म्हणतो, मग काय करू?

निपाणीची सहल कशी वाटली असं जे विचारतात, त्यांना सांगतो: रस्ता होईल चांगला, घाट बघण्यासारखा आहे, भाकरी उत्तम. कॉलेजची बागही बघण्यासारखी आहे. आत सोडतात.

आता शेवटचं, आणि हे वैशू, तुला आहे. तू हे वाचतेस असं धरून लिहितो, कारण दुसरीकडं कुठं लिहिलं तर तू उघडत नाहीस.

घरी आल्यावर मी तो दगड धुतला. पाण्यानं काही होईना, म्हणून थिनर आणला. फौंड्रीत पॅटर्नवरचा, म्हणजे साच्याच्या लाकडी नमुन्यावरचा, रंग आम्ही थिनरनंच काढायचो, मला वाटलं, ह्यात मला कळतं. वरचा तांबडा सुटला. स्फटिकांच्या फटीतला सुटला नाही, दोन टोकं तुटली. आणि फडकं उलटून बघितलं तर त्यावर पांढरा होता आणि थोडं काळं. तुझा ठिपका. नंबरही त्याच्याबरोबर गेला. दोन्ही ऑइल पेंटच की, थिनरला काय कळतंय वरचा कुठला आणि खालचा कुठला. मला ते आधी सुचायला हवं होतं. तुझी आई म्हणाली, "ह्यो कुठला त्ये आपल्याला ठावं हाय. बाळूच्या विहिरीतला." ह्याचं ठीक आहे. बाकीच्यांचं कुणाला ठाऊक?

बाकीचे अजून तिथंच आहेत आणि त्यांचे नंबर रंगाच्या खाली आहेत. मी कुणाला हात लावलेला नाही. मल्लाप्पालाही सांगून ठेवलंय, की घासू नकोस. त्यांच्या जागी ठेवायला दगड मी गोळा करतोय, रस्त्याच्या कामावरून सकाळी फिरायला जाताना एक-दोन आणतो. मोरीच्या कोपऱ्यात, देवघराखाली, जिथं तुझ्या पेट्या होत्या तिथंच ठेवलेत. तुझी आई चिडते. मी म्हणतो, जागा सवयीची आहे.

पण दिवाळीच्या आधी कॉलेजात पुन्हा रंग मारतात, मल्लाप्पा म्हणत होता. आणखी एक थर चढला तर खालचा ठिपका वाचेल की नाही, मला माहीत नाही. वरचा रंग काढून खालचा कसा राखायचा, ते तुला माहीत असणार. तू ये किंवा येऊ नकोस, ते तुझं तू ठरव, त्याचं मी काही विचारत नाही. एवढं मात्र लवकर कळव. एका ओळीत कळवलंस तरी चालेल. थिनर मी लपवून ठेवलाय.